बँडसॉचं टायर बदलायचंय: चिकटवायचं रबर, युरेथेन, की चाकावर पक्कं करून घेतलेलं रबर?

बँडसॉ म्हणजे पट्टीसारखं गोल ब्लेड खालच्या-वरच्या दोन चाकांवर फिरवून लाकूड कापणारं मशीन, आणि त्या चाकांवर ब्लेडखाली बसवलेला मऊ थर म्हणजे टायर. टायर मागवण्याआधी मशीनची विजेची पिन काढा, ब्लेड उतरवा आणि चाकाच्या रुंदीवर एक स्टीलची फूटपट्टी आडवी धरा. बहुतेक बँडसॉमध्ये टायरचा मध्य कडांपेक्षा किंचित उंच असतो, साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर. हा फुगवटा, म्हणजेच क्राउन, ब्लेडला चाकाच्या मध्यावर धरून ठेवतो. तुम्हाला शोधायचंय ते असं, की हा फुगवटा खालच्या धातूत आहे की फक्त वरच्या रबरात. त्यासाठी जुनं टायर एका जागी कापून सोला आणि उघड्या धातूवर फूटपट्टी ठेवा. दोन्ही कडांना पट्टीखालून उजेड दिसला तर चाकच फुगीर आहे. उजेड दिसला नाही तर चाक सपाट आहे आणि फुगवटा टायरने आणला होता.

रबर बरं की युरेथेन (रबरासारखं लवचिक प्लास्टिक), यावर कितीही चर्चा करा, माझ्या मते अर्धा निर्णय इथेच होतो. युरेथेनचं तयार टायर बहुधा सगळीकडे सारख्या जाडीचं असतं. फुगीर चाकावर ते चाकाचाच आकार घेतं. सपाट चाकावर ते सपाटच राहतं, आणि मग 6 मिमीचं अरुंद ब्लेड वरच्या चाकाचा कल कितीही फिरवला तरी पुढे-मागे हिंडत राहतं. काही जड मशीनची टायर मुद्दामच सपाट असतात. तिथे रुंद ब्लेड लावून दात चाकाच्या कडेबाहेर ठेवायचे असतात. त्यामुळे आपलं मशीन मुळात कसं होतं ते आधी पाहा. वखारीत ओंडके फाडणाऱ्या मोठ्या मशीनवर ब्लेड थेट धातूच्या चाकावर चालतं, तिथे टायरचा प्रश्नच येत नाही.

दोष टायरचाच आहे ना?

ठक-ठक आवाज आला की टायरवर संशय जातो, पण ब्लेडचा जोड वाईट असला तरी तसाच धक्का बसतो. चाकावर खडूची खूण करा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. दर वेळी खूण त्याच जागी आल्यावर धक्का बसला तर टायर दोषी, आणि ब्लेडचा वेल्ड येतो तेव्हाच बसला तर ब्लेड. 14 इंची चाक मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर टायरवरचा एक उंचवटा सेकंदाला 13 वेळा ब्लेड हलवतो. कापलेल्या लाकडावर बारीक आडव्या रेघा उमटतात त्या यातूनही येऊ शकतात.

दुसरी तपासणी नखाची. अंगठ्याचं नख टायरमध्ये दाबा. खूण उमटून लगेच भरून आली तर रबर जिवंत आहे. नख रुततच नसेल तर ते कडक झालंय, आणि बोटाला चिकटत असेल तर तेलाने किंवा केरोसीनने ते खाल्लंय. भेगा, ब्लेडने पाडलेली खाच, चाकावर सरकणारं टायर, यांपैकी काहीही दिसलं तर बदलायची वेळ झाली.

चिकटवायचं रबर

आपल्याकडे सगळ्यात जास्त हेच चालतं, कारण 3 मिमीची रबर शीट कुठल्याही इंडस्ट्रियल रबरच्या दुकानात मिळते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला चक्कर मारली तरी भागतं. तयार बिनजोड कडं मिळालं तर उत्तम, ते चाकापेक्षा थोडं लहान असतं आणि ताणून बसवतात. शीटमधून पट्टी कापली तर जोड येतोच, आणि सगळं काम त्या जोडावर तोललेलं असतं.

जोड सरळ कापू नका. दोन्ही टोकं तिरपी सोलून एकावर एक बसवा. खालच्या चाकाला मोटर फिरवते आणि ते ब्लेडला ओढतं, म्हणजे ब्लेड टायरला उलट दिशेने मागे ओढत असतं. म्हणून खालच्या चाकावर वरच्या थराचं पातळ टोक फिरण्याच्या उलट दिशेला यायला हवं. तसं नसेल तर ब्लेड ते टोक उचकटायला लागतं. शीटवर पांढरी पावडर असते, ती पुसून रबर जाड पॉलिश पेपरने खरवडा, चाकावरचा जुना गोंद पूर्ण काढा, आणि फेविकॉल एसआर 998 सारखा कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासा झाल्यावरच जोडा. या गोंदाची वाफ पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि विडी-सिगारेट बाहेर.

रबराचा मोठा फायदा असा की त्याला घासून आकार देता येतो. सपाट चाकावरही लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून फुगवटा काढता येतो. खालचं चाक मोटरवर फिरतं, ब्लेड मात्र काढलेलंच हवं. ठोकळा टेकणावर घट्ट धरा, चाकाचा पृष्ठभाग तुमच्यापासून दूर जात असेल त्या बाजूला, आणि मास्क लावा. वरच्या चाकाला मोटर नसते, ते हाताने फिरवत घासावं लागतं, वेळ जातो. दोन्ही चाकांवरच्या रबराची जाडी सारखी हवी. एकाच चाकावर 2 मिमी जास्त झालं तर ब्लेडला जागेवर धरणाऱ्या गाइडच्या खांबाशी ब्लेड तिरकं उभं राहतं.

तोटा उघड आहे. उन्हाने, हवेने आणि नुसत्या वयाने रबर कडक होतं. शिवाय फणस किंवा पाइन कापताना ब्लेडला चीक धरू नये म्हणून आपले मिस्त्री केरोसीन नाहीतर डिझेल मारतात, आणि नैसर्गिक रबर त्याने फुगून मऊ पडतं. ही सवय सुटणार नसेल तर साध्या रबराऐवजी नायट्राइल रबराची शीट मागा, तिला तेल सोसतं.

युरेथेन

चाक धातूतच फुगीर असेल आणि मशीन 12 ते 18 इंची असेल, तर मी युरेथेनच घेईन. गोंद नाही, जोड नाही, तेलाला फारसं घाबरत नाही, आणि पुढच्या वेळी काढायचं झालं तर गोंद खरवडत बसावं लागत नाही. नेमकं माप मात्र चाकाचंच घ्यायचं, मशीनच्या नावावरून नाही: व्यास, रुंदी, आणि चाकाला कडेने खोबण आहे का ते. परदेशातून मागवलेली टायरची जोडी वाहतूक आणि ड्युटी धरून रबराच्या शीटपेक्षा खूपच महाग पडते.

बसवताना टायर आधी गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं, उकळत्या नव्हे. मग एका जागी क्लॅम्पने दाबून दोन्ही बाजूंनी ओढत न्यायचं. शेवटच्या वितीला दोन माणसं लागतात. ते चढलं की काम झालं असं वाटतं, पण ताण एकसारखा नसतो: जिथे जास्त ओढलंय तिथे पातळ, जिथे कमी तिथे जाड. म्हणून गुळगुळीत गोल दांडी टायरखाली घालून चाकाभोवती काही फेऱ्या मारा. दांडी फिरताना टायर आपोआप सैलावून सारखं होतं. रात्रभर तसंच राहू द्या.

दोन अडचणी आहेत. युरेथेन पॉलिश पेपरने नीट घासलं जात नाही, गरम होऊन ओढलं जातं, तेव्हा फुगवटा नंतर काढू असं म्हणून घेऊ नका. दुसरी अडचण कोकणातल्यांनी आणि मुंबईकरांनी लक्षात घ्यावी. पॉलिएस्टर जातीचं युरेथेन दमट उष्णतेत पाणी शोषून आतून तुटत जातं. कपाटात नुसते ठेवलेले बूट एक दिवस घातल्यावर तळव्याचा भुगा होतो ना, तोच प्रकार. पॉलिइथर जातीचं या बाबतीत कितीतरी टिकाऊ असतं. विक्रेत्याला सरळ विचारा. त्याला माहीत नसेल तर निदान एकदम दोन जोड्या घेऊन ठेवू नका. चाक बीडाचं असेल तर टायर चढवण्याआधी गंज साफ करून पातळ रंग मारा, गोंद नसल्याने पावसाळ्यात ओल थेट धातूला लागते.

कारखान्यात पक्कं केलेलं रबर

छापखान्यांचे आणि कापड गिरण्यांचे रोलर नव्याने रबर करून देणारे कारखाने चाकावरही उष्णतेने रबर पक्कं करून देतात. जोड नाही, गोंद सुटण्याची भीती नाही, आणि मशीनवर घासून हवा तेवढा फुगवटा मिळतो. 20 इंचांच्या पुढचं बीडाचं चाक असेल आणि मशीन रोज दिवसभर चालत असेल, तर हा खर्च सोसावा. पण चाक देताना बेअरिंग काढूनच द्या, भट्टीत ती खराब होतात. फुगवटा आणि रबराचा कडकपणा कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलेलं सपाट होऊन परत येतं. परत आल्यावर चाक बॅलन्स करून घ्या. आणि काही दिवस मशीन बंद राहणार हे धरून चला.

सायकलच्या ट्यूबचा जुगाडही लोक करतात. घरी बनवलेल्या लाकडी चाकांच्या छोट्या बँडसॉवर तो चालून जातो, विकत घेतलेल्या मशीनवर नको. ओंडके फाडायच्या काही पोर्टेबल मिलच्या चाकांना खोबण असते आणि तिथे टायर म्हणून व्ही-बेल्टच बसतो, तो नंबर पाहून तसाच बदलायचा.

नंतरची निगा

काम संपलं की ब्लेडचा ताण सैल करा. ताणलेलं ब्लेड रात्रभर एकाच जागी दाबत राहिलं की तिथे खाच पडते, रबर काय आणि युरेथेन काय, दोन्हींवर. टायरवर भुसा आणि राळ मिळून कडक थर बसतो, तो प्लास्टिकच्या पट्टीने काढा, पटाशीने नाही. खालच्या चाकाला टेकेल असा नायलॉनचा ब्रश बसवून घेतला तर हा थर साठतच नाही; नव्या मशीनवर तो बहुधा असतो, जुन्यावर हार्डवेअरमधला भांडी घासायचा ब्रश कापून स्क्रूने लावला तरी चालतो. ब्रश झिजून चाकाला टेकेनासा झाला की बदला, आणि तेव्हाच टायरची कड बोटाने उचलून पाहा. भुसा कडेखाली शिरला असेल तर तो आत दबून त्याच जागी उंचवटा करतो.