फोनचा हॉटस्पॉट की वेगळा पॉकेट राउटर?

घरी वायरचं नेट येत असेल तर ते घ्या आणि मोकळे व्हा, पुढचं वाचू नका. प्रश्न पडतो तो कॉलेजची ऑनलाइन लेक्चरं सिमवरच भागवायची असतात तेव्हा. लॅपटॉपला फोनमधून नेट द्यायचं, की वेगळं सिम घालून छोटा राउटर घ्यायचा? मी दोन सत्रं फोनवर काढली, त्यानंतरची राउटरवर.

वेगाचा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. कंपनी तीच, टॉवर तोच; फरक असलाच तर मला जाणवला नाही. डेटाही सारखाच उडतो. व्हिडिओ 1 एमबीपीएसने येत असेल तर तासाला 450 एमबी, नुसता आवाज 80 केबीपीएसने असेल तर 36. (काहीही घेतलंत तरी विंडोजमध्ये त्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा. नाहीतर ऐन लेक्चरात अपडेट उतरू लागतं.)

फोनचा हॉटस्पॉट फुकटात पडतो. फोन तापतो, बॅटरी उतरते, पण चार्जरला लावून निभतं. आठवड्याला एक-दोन लेक्चरं असतील तर तेवढं पुरावं.

माझं निभलं नाही ते एका गोष्टीपायी. माझ्या खोलीत रेंज फक्त खिडकीच्या कट्ट्यावर. व्हायवा चालू असताना तिथे ठेवलेला फोन वाजला. दोनदा कट केला, तिसऱ्यांदा उचलला, आणि स्क्रीनवर सर तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठले. व्होल्टी (कॉलही 4जीवरूनच होण्याची सोय) चालू नसेल तर फोन कॉलपुरता 4जीवरून खाली 3जी-2जीवर उतरतो आणि नेट रांगतं किंवा थांबतंच, हे मला तेव्हा कळलं. व्होल्टी चालू केलं. त्यानंतर कॉल आला तरी नेट टिकायचं, पण फोन कानाला लावून मी खिडकीपासून दोन पावलं सरकलो की रेंजच गायब! ओटीपी बघायला उचलला तरी तेच. वर, थोडा वेळ कोणी जोडलेलं नसलं की माझ्या फोनचा हॉटस्पॉट आपोआप बंद व्हायचा. लॅपटॉप झोपला की पुन्हा खिडकीशी फेरी.

राउटर कट्ट्यावर ठेवला तो तिथेच राहिला. कॉल येवोत, काही येवो.

त्याचीही कटकट आहे. दुसरं सिम, दुसरं रिचार्ज. आणि दिवसरात्र चार्जरला लावून ठेवल्याने माझ्या राउटरची बॅटरी फुगली. झाकण एका कोपऱ्यात वर आलेलं दिसलं तेव्हा लक्षात आलं. ती टाकून नवी घातली. आता रात्री चार्जर आठवणीने काढतो.

तुमच्या खोलीत सगळीकडे रेंज असेल तर कदाचित तुम्हाला यातलं काहीच जाणवणार नाही. पण रोजची तीन-चार तासांची लेक्चरं आणि रेंजचा एकच कोपरा, असं असेल तर मी तरी राउटरच घेईन. हॉटस्पॉट अजून मोडीत काढलेला नाही. परवा राउटरचा डेटा दुपारीच संपला, तेव्हा उरलेलं लेक्चर त्याच्यावरच ऐकलं, फोन सायलेंटवर टाकून.