हब की फ्लिप-ओव्हर?

गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरायला बसायचे हे दोन प्रकारचे तंबू. दोन्ही वापरून झाले आहेत. चार हिवाळे छत्रीसारखा उघडणारा हब तंबू, त्यानंतरचे तीन स्लेजवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर, बसवलेला फ्लिप-ओव्हर. वजन, कापडाची जाडी, खिडक्या किती, हे खोक्यावर छापलेलंच असतं, त्यात शिरत नाही. आणि माझा अनुभव मिनेसोटात, इडन प्रेरीजवळच्या एका छोट्या तळ्यापुरता आहे. मासे म्हणजे ब्लूगिल आणि क्रॅपी. मिल लॅक्ससारख्या मोठ्या तलावावर वॉलआय या मोठ्या माशासाठी तळ ठोकणाऱ्यांचं गणित वेगळं असू शकतं.

हबची बाजू खरंच भक्कम आहे. आत सरळ उभं राहता येतं. चार खुर्च्या, हीटर, चहाचा थर्मास, सगळं मावतं. इथे हिवाळ्यात माणशी दोन गळ चालतात, त्यामुळे घरचे सगळे बसले तर आत नुसती जत्रा. आई पुण्याहून आली होती तेव्हा शालीत गुंडाळून दीड तास हबमध्ये बसली आणि ‘एवढ्याशा माशासाठी एवढा खटाटोप?’ असं दोनदा म्हणाली. फ्लिप-ओव्हरमध्ये तिला बसवायची माझी हिंमत झाली नसती.

पण ती झालर! हबच्या खालून चहूबाजूंनी कापडाची झालर असते, वारा शिरू नये म्हणून तिच्यावर बर्फ लोटायचा. आत हीटर पेटला की कडेने पाणी सुटतं, झालर भिजते आणि पातेल्याच्या बुडाला खरवड धरावी तशी बर्फाला धरून बसते. संध्याकाळी निघताना टाचेने ठोका, फावड्याने खरवडा. तंबू रोवायचे अँकर गोठलेले, दोऱ्यांच्या गाठी हातमोजे काढल्याशिवाय सुटत नाहीत. एकदा घाईत ओढली तर वीतभर टरकली.

फाटलं ते शिवता येतं. खरं नुकसान असं की या कटकटीच्या धास्तीने आपण जागचे हलत नाही. फ्लॅशरवर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या सोनारवर, तळाच्या रेघेशिवाय काही दिसत नसतं, ब्लूगिलचा थवा केव्हाच पुढे सरकलेला असतो, आणि आपण उबेत बसून ‘येतील, येतील’ म्हणत असतो. मी असे किती रविवार घालवले ते मोजलेलं नाही. मोजवणारही नाही.

फ्लिप-ओव्हर म्हणजे स्लेजवर खुर्ची आणि रिक्षासारखा टप. आल्याआल्या ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, आठ-दहा भोकं पाडून ठेवायची, पाणवनस्पतींच्या कडेपासून खोल पाण्याकडे. मासे नाहीत? टप मागे, स्लेज ओढायची, पुढच्या भोकावर टप पुढे. चहा निवायच्या आत मुक्काम हलतो. गेल्या फेब्रुवारीत तीन भोकं कोरडी गेली. चौथ्यावर, चौदा फूट पाण्यात, तळापासून तीनेक फूट वर फ्लॅशरवर क्रॅपीचे पट्टे दिसले. चार मिलिमीटरचा टंगस्टन जिग, म्हणजे वजनदार मुंडी असलेला गळ, त्यांच्या थोडा वरच थांबवला. क्रॅपी वर बघून खाते, जिग खाली गेला की तिचं लक्ष जात नाही. हबमध्ये असतो तर पहिल्या भोकावरच अंधार झाला असता.

दोष आहेतच. ताज्या भुसभुशीत बर्फात ती स्लेज ओढताना गुडघे नाव घेऊन शिव्या देतात. सेडानमध्ये मावत नाही. दोघांच्या तंबूत दोघं बसले की जाड जॅकेटांमुळे कोपराला कोपर लागतं. हीटर लावून झरोका उघडा ठेवायचा, हे मात्र दोन्हीकडे सारखंच. त्यात हयगय नको.

बरोबर लहान मुलं किंवा पाहुणे नेहमी असतील, तर कदाचित हबच बरा. पण बहुतेक वेळा एकटे किंवा दोघं जात असाल आणि घरी येऊन रवा लावून तळण्यापुरते मासे हवे असतील, तर मी फ्लिप-ओव्हरकडे झुकेन. जरा जास्तच झुकेन.

हब विकलेला नाही. आई पुढच्या जानेवारीत परत यायचं म्हणते आहे, म्हणून झालर शिवून ठेवली आहे.