जुना बंब घ्यावा की जुना मालट्रक?

जुन्या अवजड गाड्यांचं वेड लागलेल्या माणसापुढे आज ना उद्या हा प्रश्न येतोच. गाडी उभी करायला जागा आहे, थोडे पैसे बाजूला पडलेत, ओळखीचा मिस्त्री तयार आहे. आता बोनेटवाला जुना ट्रक घ्यायचा, की अग्निशमनातून निवृत्त झालेला बंब?

दोन्हींखाली बऱ्याचदा एकच चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, असते. १९५४ मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. १९६९ मध्ये डायम्लर-बेंझबरोबरचा करार संपला, बोनेटवरचा तारा जाऊन टाटांचं चिन्ह आलं, पण सांगाडा ओळखीचाच राहिला. त्या चासीवर कुणी लाकडी हौदा बांधला, कुणी पाण्याची टाकी आणि पंप. म्हणून इंजिन-गिअरबॉक्सची तुलना करत बसण्यात अर्थ नाही. मर्सिडीजचं जुनं सहा सिलिंडरचं ३१२ डिझेल इंजिन असेल तर सकाळी सिलिंडर तापवणारे हीटर तापायची वाट दोन्हींत बघावी लागते, आणि हीटर एकापुढे एक जोडलेले असल्याने एक जळला की सहाही थंड, हेही दोन्हींत सारखंच. लेलँडचा कॉमेट किंवा कुर्ल्याच्या प्रीमियरची फार्गो हाताला लागली तरी पुढचं सगळं लागू पडेल, फक्त सुट्या भागांसाठी वेगळी दारं ठोठवावी लागतील. खरा फरक त्या चासीने नंतरची वीस-तीस वर्षं काय केलं, यात आहे.

ट्रकची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. ट्रक साधा असतो. केबिन, हौदा, मागचा उघडणारा फाळका, संपलं. हौदा कुजला तर सुतार नवीन फळ्या बसवून देतो आणि ते काम चुकीचं ठरत नाही, कारण हे ट्रक विकलेच जायचे चासी आणि बोनेट-काउल, म्हणजे पुढच्या पत्र्यापुरते. केबिन-हौदा बांधायचा तो गावचा बॉडीबिल्डर. त्यामुळे कोल्हापूरचा ट्रक आणि नगरचा ट्रक मुळातच वेगळे दिसायचे. तुमच्या भागातला जुना बॉडीबिल्डर अजून हयात असेल तर त्याच्याकडून केबिन बांधून घेण्यात जो आनंद आहे, तो बंबात मिळत नाही. रंगाऱ्यालाही मोकळं रान. फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' मात्र लिहून घेऊ नका, महाराष्ट्रात त्यावर २०१५ पासून बंदी आहे. आणि ट्रक उपयोगी पडतो. गावाकडे घर बांधायला काढलं तर विटा आणतो, जत्रेला पालखीमागे जातो.

दुखणं असतं ते चासीत. टाटांचं १२१० हे मॉडेल म्हणजे एकूण १२ टन वजनाची आणि साधारण १०० अश्वशक्तीची गाडी, पण ऊस, वाळू, जांभा वाहताना हा आकडा कुणी पाळला? म्हणून बघायला जाताना चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर, विशेषतः मागच्या पाट्यांच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) हँगरजवळ, हात फिरवून बघावा. आतून जादा पट्टी मारलेली सापडली तर घाबरू नका, निम्म्या गाड्यांना ती असतेच. रिव्हेटच्या जागी बोल्ट आलेत का आणि वेल्डिंग आडवं मारलंय का, एवढं बघा. आडव्या वेल्डिंगशेजारीच पुढची चीर पडते.

आता ज्या गोष्टीने माझा कौल फिरला, ती सांगतो. रिकामा ट्रक उडतो.

बंब घेण्याआधी एक अख्खा उन्हाळा मी मित्राचा ट्रक फिरवला. कोल्हापुरातून पन्हाळ्यापर्यंत, कधी गगनबावड्याच्या वाटेला. इंजिन अप्रतिम, गिअर लोण्यासारखे. पण मागचे पाटे सात-आठ टन माल पेलायला बनवलेले, त्यात आधीच्या मालकाने दोन्ही बाजूंना जादा पाटे घातलेले. हौद्यात माल नाही म्हटल्यावर ते पाटे दबतच नाहीत. साध्या गतिरोधकावरही मागचा भाग उचलला जाऊन आदळतो, फाळक्याच्या साखळ्या खणखणतात, केबिनच्या मागच्या फळीवर पाठ आपटते. परत आल्यावर हेडलाइटच्या कडीपासून बॅटरीच्या पेटीपर्यंत सगळे नट-बोल्ट आवळावे लागायचे. ओल्या रस्त्यावर मागची चाकं हलकी होऊन ब्रेकला सरकतात, ते तर धोक्याचंच.

उपाय करून पाहिले. जादा पाटे काढले, फरक पडला, पण मूळचा संचही मालासाठीच बनलेला. वाळूची पोती टाकली, तर ती घाटात सरकतात आणि पहिल्या पावसात भिजून फळ्या कुजवायला लागतात. मित्राला याचं काही वाटत नाही, तो म्हणतो ट्रक असाच असायचा. त्याचं खरंही आहे. पण हौशी माणूस वर्षभर गाडी रिकामीच चालवतो, आणि मालाविना चाललेला मालट्रक मला सतत अपुरा वाटत राहिला.

बंबाचं तसं नाही. त्याचा माल त्याच्या अंगातच असतो. टाकी रिकामी असली तरी पंप, शिडी, होजचे कप्पे, जाड पत्र्याची बॉडी, एवढं वजन कायम पाट्यांवर असतं, आणि टाकी भरली की गाडी तिच्या मूळ उंचीवर येऊन बसते. ४५०० लिटरची टाकी म्हणजे साडेचार टन, तेही एका नळाने भरता येणारं आणि एका व्हॉल्व्हने सोडता येणारं. शिवाय बंबात जादा माल कुणी भरूच शकत नाही, टाकी भरली की भरली. म्हणून त्याच्या चासीवर ओव्हरलोडच्या खुणा मी क्वचितच पाहिल्या आहेत. उलट दुखणं असतं ते सतत भरून उभं राहिल्याने पाटे बसण्याचं. सपाट जागेवर मागून बघितलं तर एक बाजू खाली दिसते. पाटे भट्टीत घालून पुन्हा वळवून घेतले की काम झालं.

एक पथ्य मात्र कडक पाळावं. टाकी एक तर पूर्ण भरावी, नाही तर पूर्ण रिकामी ठेवावी. अर्ध्या टाकीतलं पाणी वळणावर उशिरा हलतं आणि गाडीला बाहेर ढकलतं. आत आडव्या-उभ्या पट्ट्या असतात त्या हे हेलकावे मोडायला, आणि जुन्या बंबात नेमक्या त्याच गंजून गळून पडलेल्या असतात. घाटात उतरायचं असेल तर मी टाकी रिकामीच ठेवतो, ब्रेकवर साडेचार टन कशाला?

बंबाचे किलोमीटर बघून हुरळू नका. मीटरवर आकडा छोटा असतो, पण हे इंजिन जागेवर उभं राहून तासन्‌तास पंप फिरवत आलेलं असतं. पंपाचंच पाणी फिरवून इंजिन थंड ठेवायची वेगळी नळी असते. ती चोंदलेली असेल तर लायनर-पिस्टनचं आयुष्य किती उरलं, हे इंजिन खोलल्याशिवाय कळणार नाही. या बाबतीत ट्रकचा मोठा आकडा जास्त प्रामाणिक म्हणावा लागेल.

पंपाची मात्र परीक्षा घेता येते. सगळे व्हॉल्व्ह बंद करा, सक्शनच्या, म्हणजे पाणी आत ओढणाऱ्या, तोंडाला टोपी लावा आणि पंपातली हवा काढणारा प्रायमर चालवून हवा ओढून घ्या. मग मिनिटभर व्हॅक्यूमच्या काट्याकडे बघा. काटा जवळपास जागेवर राहिला तर पंप विकत घेण्यासारखा आहे. भराभर परतला तर बहुधा ग्लँडची, म्हणजे शाफ्टभोवतीची गळती रोखणारी, दोरी गेलेली असते, आणि ते काम स्वस्त आहे. ग्रॅफाइटची दोरी आणायची, वेढे घालायचे, नट बेताने आवळायचा. पंप चालू असताना थेंब-थेंब पाणी गळायलाच हवं. गळती पूर्ण थांबवायला गेलात तर शाफ्ट जळतो. गनमेटलचा इंपेलर, म्हणजे पाणी फेकणारं आतलं चाक, झिजला असेल तर खर्च वाढतो, पण इथे कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुना तुकडा नमुना म्हणून दिला की ओतकाम करून, टर्निंग मारून मिळतं. विहिरीतून पाणी ओढायचं असेल तर पातळी सातेक मीटरच्या आत असावी, त्याखाली चांगला पंपही हात टेकतो. सक्शन पाइप पाण्यात सोडला, प्रायमरचा आवाज बदलला, डिलिव्हरीच्या, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या, होजमध्ये पाणी शिरून तो कडक होत गेला, की जमलेली सगळी माणसं मागे सरकतात. या गाडीचं खरं काम ते हेच, आणि ते करताना तिला आजही बघता येतं.

१४ एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक मृत्युमुखी पडले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात आमचा बंब बाहेर काढला की निवृत्त जवान येतात. न विचारता मागे जाऊन कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा ते नातवाला दाखवतात. ट्रकलाही असे जुने ड्रायव्हर भेटतात आणि तेही तितकेच हळवे होतात, हे मान्य केलं पाहिजे.

आता कागदपत्रं. इथे दोन्हींची परिस्थिती सारखीच अवघड आहे. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, पण ती ५० वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी वापराच्या प्रवासी मोटारींपुरती. मालवाहू गाडी त्यात बसत नाही, बंबही नाही. ट्रकची आरसी निदान सरळ असते आणि पासिंगचा रस्ता एजंटांना माहीत असतो, म्हणून इथे पारडं थोडं ट्रककडे झुकतं. बंब घेतल्यावर सायरन काढून ठेवावा लागतो, खासगी गाडीवर तो चालत नाही. पितळी घंटा असेल तर तिची दोरी तेवढी बदला.

आणि बंब मिळणंच कठीण झालंय. एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. त्यात महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायती सगळ्या आल्या. या गाड्या आता थेट नोंदणीकृत भंगार केंद्राकडे जातात. पूर्वी लिलावात उभा राहून बंब उचलता यायचा, तो मार्ग जवळपास संपला. उरलेत ते आधीच्या लिलावात कुणीतरी घेऊन शेतात उभे केलेले, आणि साखर कारखान्यांचे किंवा खासगी कंपन्यांचे स्वतःचे बंब. पश्चिम महाराष्ट्रात राहत असाल तर चौकशीची सुरुवात कारखान्याच्या गॅरेजपासून करा.

तुमच्याकडे शेती आहे, गाडीत अधूनमधून खरोखर काही भरलं जाणार आहे, किंवा घरात पूर्वी ट्रकचा धंदा होता आणि तीच आठवण जपायची आहे, तर बेलाशक ट्रक घ्या. तो स्वस्तात उभा राहील आणि चार टन खत टाकलं की छान बसेलही. ज्यांना रविवारी सकाळी गाडी काढून दोन तालुके फिरून यायचंय, तिच्या अंगचं काम चालू करून बघायचंय, त्यांनी थोडं थांबून बंब शोधावा, असं मला वाटतं. मी थांबलो, आणि अजूनही तेच केलं असतं.

बघायला जाताना टॉर्च घेऊन जा आणि टाकीवरचं झाकण उघडून आत डोकावा. बाहेरचा लाल रंग कुणीही मारून देतो, पण आतल्या पट्ट्या जागेवर नसतील आणि तळाचा पत्रा बोटाने दाबल्यावर खपली निघत असेल, तर टाकी नवीन करावी लागेल. तो खर्च किमतीतून आधीच वजा करून घ्या.