रोमन बायकांवरचं सचित्र पुस्तक ऑनलाइन छापून घेतलं, त्या सर्व्हिसचा रिव्ह्यू (जरा लांबलाय)

प्राचीन रोममधल्या बायकांवर एक चित्रांचं पुस्तक केलं, चित्रं माझी, मजकूरही माझाच, आणि छापायला एका ऑनलाइन प्रिंट ऑन डिमांडवाल्यांकडे (ऑर्डर येईल तेवढ्याच प्रती छापणारे) दिलं. साइटचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, या सगळ्या साइट्स थोड्याफार फरकाने अशाच चालतात. पाचात साडेतीन स्टार, त्यातला अर्धा निव्वळ बारीक रेषांसाठी.

कारण रोमन बायका काढायच्या म्हणजे केस काढायचे, बाकी सगळं नंतर! रोमच्या कॅपिटोलिन म्युझियममधला फोन्सेका बस्ट, म्हणजे एका रोमन बाईचा संगमरवरी अर्धपुतळा, बघा, कपाळावर कुरळ्या केसांचा अख्खा मनोरा, प्रत्येक बटेत ड्रिलने पाडलेली भोकं. तो मी ०.०५ च्या पेनने काढला होता, आणि मागे उभी असलेली ऑर्नाट्रिक्स, म्हणजे मालकिणीची केशरचना करणारी गुलाम बाई, तीही काढली, कारण पुतळा मालकिणीचा होतो आणि हात दुखतात हिचे. छापून आलं तेव्हा एकेक बट सुटी दिसत होती, कुठे काळा गोळा नाही. कागद मॅटच घ्या, ग्लॉसीवर वॉटरकलर प्लास्टिकसारखा चमकतो.

आता रंग. लिव्हियाच्या, म्हणजे ऑगस्टसच्या बायकोच्या, प्रिमा पोर्टाच्या व्हिलात जमिनीखालच्या खोलीत चारही भिंतींवर बाग रंगवलेली होती, डाळिंबं, पक्षी, मागे निळसर हिरवं आकाश, आता ती रोमच्या पालाझ्झो मासिमोमध्ये आहे. मला त्या निळ्याचंच वेड होतं. स्क्रीनवर मस्त, प्रूफमध्ये, म्हणजे आधी मागवलेल्या नमुना प्रतीत, मात्र मळकट, कारण फाइल आरजीबीत (स्क्रीनचे रंग) आणि छपाई सीएमवायकेत (छपाईच्या शाईचे रंग), आणि वर त्यांचं रंग आपोआप बदलणारं ‘ऑटो एन्हान्स’ आधीपासून ऑन असतं, हे सांगायची तसदी कोणी घेत नाही. ते बंद केलं, फाइल स्वतः सीएमवायकेत बदलून दिली, मग बाग बागेसारखी दिसली. प्रूफ कॉपी मागवल्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका, साइट ‘स्किप’चं बटण मोठं करून दाखवते तरीही.

सगळ्यात जास्त चिडचिड हॉर्टेन्शियावरून झाली. इ.स.पू. ४२ मध्ये अँटनी, ऑक्टेव्हियन (हाच पुढे ऑगस्टस झाला) आणि लेपिडस या रोमच्या तिघा सत्ताधाऱ्यांनी युद्धासाठी पैसा कमी पडला म्हणून १४०० श्रीमंत बायकांवर कर लावला, तेव्हा ही बाई बाकीच्यांना घेऊन थेट फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, गेली आणि उभ्याउभ्या विचारलं, पदं आम्हाला नाहीत, सत्तेत वाटा नाही, मग कर आम्ही का भरायचा? तिघे भडकले, शिपायांना त्यांना हाकलायला सांगितलं, पण गर्दीच ओरडायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी यादी ४०० वर आली. एवढा प्रसंग, म्हणून दोन पानांवर पसरून काढला, आणि नेमकं हॉर्टेन्शियाचं नाक बाइंडिंगमध्ये गेलं. टेम्प्लेटमध्ये कडेचा ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापला जाणारा भाग, लाल रेषेने दाखवतात, मधल्या शिवणीबद्दल चकार शब्द नाही. डबल स्प्रेडमध्ये चेहरा मधोमध अजिबात नको, आतल्या बाजूला सेंटीमीटरभर तरी जागा सोडा.

त्यांच्या चेकिंग टीमचा किस्सा तर सांगायलाच हवा. बर्लिनच्या आल्टेस म्युझियममध्ये लाकडावर रंगवलेलं एक गोल चित्र आहे, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस, त्याची बायको युलिया डोम्ना, मोत्यांची माळ वगैरे, आणि दोन मुलं, त्यातल्या एकाचा चेहरा खरवडून काढलेला. थोरल्या काराकालाने २११ मध्ये धाकट्या गेटाला मारलं, तेही आईच्या कुशीत असताना असं त्या काळचा इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो, आणि मग त्याचं नाव, चित्रं सगळीकडून पुसायला लावली. मी ते चित्र तसंच काढलं, खरवडलेल्या डागासकट. तर ईमेल आला, ‘एका चेहऱ्यावर डाग आहे, इमेज पुन्हा अपलोड करा.’ म्हटलं, डाग १८०० वर्षांपूर्वीचा आहे, राहू द्या! कस्टमर केअरवाली हसली आणि पास करून टाकलं.

मराठी मजकूर त्यांच्या एडिटरमध्ये टाइप करायच्या भानगडीत पडू नका. जोडाक्षरं फुटतात, सम्राट नीरोच्या आईचं, ‘अग्रिप्पिना’चं, पार वाटोळं झालं होतं, आणि आई-मुलगी दोघींचं नाव तेच असल्यामुळे पानोपानी झालं. लेआउट बाहेर करा, अक्षरं कर्व्हजमध्ये, म्हणजे फॉन्टऐवजी रेषांच्या आकारात, बदला, मग पीडीएफ द्या.

पॅकिंग ठीक, कोपरे दुमडलेले नव्हते. पुढचं प्रिंट इथूनच घेणार आहे, क्लॉडिया सेव्हेराची दोन पानं वाढवायचीत, तीच ती, इ.स. १०० च्या आसपास ब्रिटनमधल्या विंडोलांडा नावाच्या थंडगार रोमन छावणीतल्या मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाला ये म्हणून पातळ लाकडी पट्टीवर पत्र पाठवणारी, आणि शेवटच्या ओळी स्वतःच्या हाताने लिहिणारी. लाकडाचा तपकिरी रंग कसा येतो ते प्रूफ आलं की खाली अपडेट टाकते.