कार्बाइडची नाल सांगून १२,०४० रुपयांना साधं लोखंड गळ्यात मारलं

माथेरानात माझे तीन घोडे आहेत. गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे पर्यटकांच्या गाड्या येत नाहीत, त्यावरच आमची घरं चालतात. पावसात जांभ्यावर शेवाळ चढतं, आणि पेव्हर ब्लॉकवर तर गुळगुळीत झालेली लोखंडी नाल साबणासारखी सरकते. म्हणून टंगस्टन कार्बाइडची, म्हणजे लोखंडापेक्षा कितीतरी कठीण आणि सहज न झिजणारी, टोकं झाळलेली नाल शोधत होतो.

फोनवरून एक व्यापारी मिळाला. मी आंधळेपणाने पैसे टाकले नाहीत, हे आधी सांगतो. एक नमुना मागवला, तीन आठवडे खडकावर वापरला. टोकं जशीच्या तशी राहिली. तो नमुना अस्सल होता! मग कुणीही विश्वास ठेवला असता. चार नालांचा संच २,८५० रुपये, असे चार संच ११,४००, वर कुरियरचे ६४०. सगळे आगाऊ दिले. कच्च्या बिलावर घेतलं, तिथेच हात कापून दिले.

आणि तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नालबंदाने पहिली नाल हातात घेतली, सवयीने टोकावर कानस फिरवली. टोकावर चकचकीत पांढरी रेघ उमटली आणि त्याच्या गुडघ्यावर लोखंडाचा बारीक कीस पडला. तो म्हणाला, "दादा, याला कानस लागतेय." कार्बाइडला कानस लागत नाही, घसरते. हे मला माहीत होतं. पण शनिवार होता, खाली गिऱ्हाईक थांबलं होतं. मी म्हणालो, "ठोक तू." माझ्या तोंडून गेलेले हे दोन शब्द मला आजही झोपू देत नाहीत.

टोकं म्हणजे साध्या वेल्डिंगचे ठिपके, वर करडा रंग. नऊ दिवसांत सपाट. दहाव्या दिवशी शार्लोट तलावाच्या उतारावर घोडी पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर आली. पाठीवर कुणी नव्हतं, मी लगाम धरून चालत होतो, एवढंच नशीब. औषधपाणी ३,२०० रुपये, घोडी २३ दिवस ठाणबंद.

त्या व्यापाऱ्याच्या शहरातल्या पोलीस ठाण्यात दोनदा गेलो, दोन्ही वेळा दिवसाची कमाई बुडवून. साहेब म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ग्राहक तक्रारीच्या टेबलावर उत्तर मिळालं की घोडे धंद्याचे, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. हे साफ खोटं आहे! २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यापुरती घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत. हे मला वकिलाने सांगितलं, टेबलावरच्या माणसाने नाही. त्याचं काम होतं ते. जखमेचे फोटो मी समोर ठेवले, त्याने वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. गरिबाने कागद घेऊन फिरायचं तरी किती?

पक्कं बिल घ्या, त्यावर 'टंगस्टन कार्बाइड' असं लिहून घ्या. नमुना चांगला निघाला म्हणून पुढचा माल तसाच येईल असं धरू नका, प्रत्येक नालेवर कानस फिरवा. आणि अस्सल मिळाली तरी टोकं उंच घेऊ नका. पाय अजिबात सरकला नाही तर झटका सांध्यावर आणि शिरांवर जातो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, क्रमांक लिहून ठेवा.

घोडीच्या डाव्या गुडघ्यावर आता पांढरे केस आलेत. न ठोकलेला चौथा संच मी पुरावा म्हणून तबेल्यात टांगून ठेवलाय. तो व्यापारी माझा फोन अजून उचलत नाही.