१५३८ ची ‘डचेस’, ४२,१५० रुपयांना

सोळाव्या शतकातला चित्रकार होल्बाइन याच्या मृत्युमालिकेच्या, म्हणजे मृत्यू माणसांना कसा गाठतो हे दाखवणाऱ्या चित्रांच्या, १५३८ च्या पुस्तकातलं मूळ पान म्हणून ‘डचेस’ हे चित्र गळ्यात मारलं गेलं. चित्राचे ३८,५००, प्रमाणपत्राचे १,५००, पॅकिंग-कुरिअरचे २,१५०. एकूण ४२,१५० रुपये. हाती आलं ऑफसेटवर छापून चहात बुडवलेलं भेंडोळं. वुडकट, म्हणजे कोरलेल्या लाकडी ठोकळ्यावरून छापलेली चित्रं, ओळखता येतात म्हणवणाऱ्याने असं फसावं, याची लाज वाटते.

विक्रेत्याने फोटोत चित्राभोवतीचा खोलगट चौकोन दाखवला होता. ‘प्लेटमार्क बघा, अस्सल आहे.’ तिथेच फोन ठेवायला हवा होता! प्लेटमार्क पडतो तो तांब्याच्या पत्र्याचा. दाबाखाली पत्र्याची कड ओल्या कागदात रुतते. वुडकट म्हणजे उठावाची छपाई. ठोकळा छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच चौकटीत बसतो, शाई घेतात त्या कोरून उरलेल्या रेषा. तसला चौकोन येईल कुठून? उलट, रेषेच्या काठाला दाबाने सरकलेल्या शाईची गडद किनार दिसायला हवी. दहापट भिंगाखाली आमच्या डचेसच्या अंगभर ऑफसेट छपाईच्या ठिपक्यांची जाळी निघाली. पलंगाच्या पायथ्याशी लाकूड कोरणाऱ्या ल्युट्झेलबुर्गरची एच-एल ही आद्याक्षरं असतात. इथे नुसता राखाडी डाग. आणि प्रमाणपत्र म्हणतं, ठोकळा त्याने १५३८ मध्ये कोरला. तो तर १५२६ मध्येच वारला होता. हे वाचूनही पैसे पाठवले.

पाठ कोरी होती, तेही दिसलं होतं. पण पुस्तकाआधीच्या काही चाचणीछापा एकाच बाजूला छापलेल्या आहेत, ही पळवाट मनानेच काढून दिली. त्या छापांवर जर्मन मथळा असतो. आमच्याकडे वर लॅटिन वचन, खाली फ्रेंच चार ओळी, म्हणजे फ्रान्समधल्या लिऑनच्या ट्रेक्सेल या मुद्रक बंधूंनी छापलेल्या त्या १५३८ च्या पुस्तकाची मांडणी, आणि त्या पुस्तकाची पानं दोन्ही बाजूंनी छापलेली. फ्रेंच ओळी आणि कोरी पाठ एकत्र दिसली की उठून जा.

मोजपट्टी ठेवलेला फोटो मागा: मूळ चित्र जेमतेम साडेसहा बाय पाच सेंटिमीटर. उजेडासमोर धरल्यावर जुन्या हातकागदात साच्याच्या तारांच्या रेषा दिसतात. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर चमकला तर तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा.

पोलीस ठाण्यात विचारलं, ‘चित्र मिळालं ना? मग फसवणूक कसली?’ बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. विक्रीच्या साइटने तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय मागितला. तो दिल्यावर तक्रारीची मुदत संपल्याचं कळवलं. अभिप्रायाचे ३,००० वेगळे. तीन चकरा, दोन अर्ज, आणि एका साहेबांचा सल्ला: ‘फ्रेम करून लावा भिंतीवर.’ सोळाव्या शतकातला वुडकट म्हणजे काय, हे समजावण्यात अर्धी दुपार गेली. अर्जात शेवटी ‘लाकडी वस्तू’ असं लिहिलं.

त्याच विक्रेत्याने आता त्याच मालिकेतला ‘नांगरणारा शेतकरी’ ४१,००० ला विक्रीला लावलाय. उजव्या कोपऱ्यातला चहाचा डाग अगदी आमच्या डचेसवरचाच.