नौपाड्यातील नाणी-पदकांचे दुकान आणि 'लुसिटानिया' पदक

ठाण्यात गोखले रस्त्यालगतच्या एका गल्लीत जुनी नाणी आणि पदके विकणारे छोटे दुकान आहे. तिथे बहुतेक ग्राहक शिवराई नाहीतर राणीछाप रुपये शोधत येतात. मी गेलो होतो ते 'लुसिटानिया' पदकासाठी, म्हणजे पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या त्या नावाच्या ब्रिटिश प्रवासी जहाजावरच्या पदकासाठी. पदक म्हटले की आपल्याला छातीवरची फीत आठवते, पण हे मिरवण्याचे नव्हे, तळहातावर घेऊन वाचण्याचे पदक आहे.

म्युनिकचे पदककार कार्ल गोट्झ यांनी ते १९१५ मध्ये, कोणत्याही सरकारी आदेशाशिवाय, घडवले. एका बाजूस शस्त्रांनी लादलेले जहाज बुडते आहे, तर दुसऱ्या बाजूस तिकीटखिडकीत बसलेला सांगाडा प्रवाशांना तिकिटे विकतो आहे आणि वर 'सर्वांआधी धंदा' अशा अर्थाची जर्मन ओळ आहे. रोख जहाज कंपनीच्या लोभावर होता. मात्र जहाज बुडाले ७ मे रोजी आणि पहिल्या पदकांवर तारीख पडली ५ मे. ब्रिटिशांनी ही चूक हल्ला पूर्वनियोजित असल्याचा पुरावा म्हणून वापरली, सुमारे अडीच लाख नकला काढल्या आणि एका शिलिंगला डबीसह विकल्या. सुमारे १२०० माणसांच्या मृत्यूचा शत्रू उत्सव करतो, हे घरोघरी पोहोचवायला तेवढे पुरेसे होते. मूळ पदके काही शेकडोच निघाली होती. शत्रूची कलाकृती जवळजवळ जशीच्या तशी त्याच्यावरच उलटवण्याचे याहून परिणामकारक उदाहरण मला ठाऊक नाही.

दुकानातील चिठ्ठीवर 'मूळ जर्मन' लिहिले होते. मी भिंग मागितले, तेव्हा दुकानदार काकांनी ते लगेच दिले आणि पदक खिडकीच्या उजेडात नेऊ दिले. 'मे' या महिन्याच्या नावाचे शेवटचे अक्षर जर्मन 'आय' नव्हते, इंग्रजी 'वाय' होते. म्हणजे ही ब्रिटिश नक्कल. काकांनी स्वतः पाहिले, चिठ्ठी बदलली आणि किंमत निम्म्याहून कमी केली. ही चूक दुकानाने आधीच टाळायला हवी होती, कारण नवख्या संग्राहकाने पूर्ण पैसे मोजले असते; तरी ती मान्य करण्याची रीत मला मनापासून आवडली.

मी नक्कलच घेतली, कारण प्रचाराचे खरे हत्यार तीच होती. डबीवर जहाजाचे चित्र शाबूत आहे, आतले पत्रक घडीवर फाटले आहे. पदक लोखंडी असल्याने खाडीकाठच्या दमट हवेत कोरडे ठेवा आणि घासून चकाकवू नका, असे काकांनी बजावले. दुकानातला उजेड अपुरा आहे, त्यामुळे दुपारीच जावे.